विभागीय रुग्णालय कुठं बांधायचं? सरासरी अंतराचं गणित आणि त्यातली मेख

मराठवाड्यासाठी एकच मोठं विभागीय रुग्णालय बांधायचं असेल तर कुठल्या शहरात बांधाल? बहुतेक जण पटकन छत्रपती संभाजीनगर म्हणतील. विभागाचं मुख्यालय इथंच, विमानतळ इथंच, आणि १९५६ पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली 'घाटी', तीही इथंच. पण संशोधनात 'सगळे तसंच म्हणतात' हे कारण चालत नाही. गणित मांडून बघू.

सोपं व्हावं म्हणून रेल्वेमार्गावरचे चारच जिल्हे घ्या: संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या अंदाजे ३७, २०, १८ आणि ३४ लाख. एकूण १०९ लाख. संभाजीनगरपासून रेल्वेनं जालना सुमारे ६० किलोमीटर, परभणी १७५, नांदेड २३५. अख्खा जिल्हा मुख्यालयात राहतो असं तूर्त समजू. हे खरं नाही हे मलाही माहीत आहे. पण आधी कागदावर सुटेल एवढं छोटं मॉडेल करावं, मग त्यात खरेपणा भरावा.

रुग्णालय संभाजीनगरला ठेवलं तर माणशी सरासरी अंतर येतं ११३ किलोमीटर. जालन्याला ठेवलं तर ९४. म्हणजे सरासरीच्या कसोटीवर जालना जिंकतं! कारण साधं आहे. एका सरळ रेषेवर सरासरी अंतर सगळ्यात कमी कुठं होतं, तर जिथं अर्धी लोकसंख्या ओलांडली जाते तिथं. ३७ अधिक २० म्हणजे ५७, आणि १०९ चं निम्मं ५४.५. याला पी-मीडियन प्रश्न म्हणतात. हकीमी यांनी १९६४ मध्ये दाखवलं की रस्त्यांच्या जाळ्यातही याचं एक उत्तम उत्तर कुठल्या तरी गावातच सापडतं, मधल्या माळरानावर शोधत बसावं लागत नाही.

आता कसोटी बदला. सगळ्यात लांबच्या माणसाला कमीत कमी त्रास व्हावा, हा पी-सेंटर प्रश्न. त्याचं उत्तर रेषेच्या मधोमध, परतूर-सेलूच्या पट्ट्यात येतं. तिथं सरासरी ९७ होते, जालन्यापेक्षा फक्त तीन किलोमीटर जास्त. पण नांदेडकराचा प्रवास जालन्यापर्यंतच्या १७५ वरून ११८ वर येतो. नुसती सरासरी बघणाऱ्याला हे दिसतच नाही. कुठली कसोटी घ्यायची हे गणित सांगत नाही, ते तुम्ही ठरवता. म्हणून शोधप्रबंधात ती निवड आणि तिचं कारण स्पष्ट लिहा, 'सॉफ्टवेअरनं दिलं' असं नको.

आणि एकाऐवजी दोन रुग्णालयं केली तर? संभाजीनगर आणि नांदेड धरा. सरासरी थेट २१ किलोमीटरवर येते, सगळ्यात लांबचा माणूस ६० किलोमीटरवर. प्रत्यक्षातही नांदेडला १९८८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलंच. 'कुठं' या प्रश्नाआधी 'किती' हा प्रश्न विचारायचा असतो तो यासाठी. अर्थात हृदयशस्त्रक्रिया किंवा कर्करोगाचे तज्ज्ञ आणि यंत्रं सगळीकडे वाटता येत नाहीत. बाळंतपणासाठीचं उत्तर आणि कर्करोगासाठीचं उत्तर एक असेलच असं नाही.

शहर ठरलं तरी जागा राहतेच. बायपासपलीकडे जमीन स्वस्त आणि मोकळी मिळते, आराखड्यात छान दिसते. पण पेशंट एसटीनं येणार असेल तर स्टँडपासून तिथपर्यंत रिक्षाचे पैसे कोण देणार? नातेवाईक डबा घेऊन रोज दोनदा जाणार, तो खर्च कुठल्याच समीकरणात नसतो. घाटी मध्यवर्ती स्टँडपासून जवळ आहे, हा तिचा मोठा गुण मला वाटतो. उलट बाजूही आहे: बेगमपुऱ्याकडून येताना मकाई गेट किंवा महमूद दरवाजाची अरुंद कमान लागते, तिथं ॲम्ब्युलन्सही थांबते. म्हणून शहरात किलोमीटर नको, मिनिटं मोजा. तीही सकाळी दहाची आणि रात्री दोनची वेगवेगळी.

शेवटचा मुद्दा डेटाचा, इथं बरेच जण फसतात. मागणी मोजायला आपण ओपीडीच्या नोंदी घेतो. त्या नोंदीत फक्त पोहोचलेले लोक असतात. अमेरिकेत एडवर्ड जार्व्हिस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच दाखवलं होतं की मनोरुग्णालयापासून अंतर वाढलं की तिथून दाखल होणारे रुग्ण कमी होतात. याचा अर्थ लांबच्या भागात आजार कमी, असा होत नाही. समजा किनवटहून घाटीत फार थोडे पेशंट येतात. या नोंदीवरून जागा काढलीत, तर मॉडेल म्हणेल किनवटला गरज कमी, आणि नवं रुग्णालय पुन्हा जुन्याच्याच शेजारी नेऊन ठेवेल. त्यापेक्षा लोकसंख्या, वयोगट आणि आजारांचं प्रमाण यांवरून गरज काढा, आणि ओपीडीचे आकडे शेजारी ठेवून फरक बघा. जिथं फरक सगळ्यात मोठा, तिथून तुमचा संशोधनाचा प्रश्न सुरू होतो.