पावसात अडणाऱ्या घडीच्या दाराला रंधा मारू नका

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडे जुलैत कपाटाची घडीची दारं अडू लागली की हमखास सल्ला मिळतो: सुताराला बोलवा, कड तासून घ्या. माझ्या मते ही घाई महागात पडते. दमट हवेत लाकूड फुगतं ते रेषांच्या आडव्या दिशेनं, लांबीत जवळजवळ नाहीच. रुंदीला वाढलेली फळी हिवाळ्यात पुन्हा आक्रसते आणि तासलेल्या जागी फट उरते. प्लायचं काय, असं कुणी विचारेल. त्याचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यानं तो फारसा फुगत नाही. मग तर दोष फिटिंगमध्येच शोधायला हवा.

दार बंद करून चौकटीलगतची फट वरपासून खालपर्यंत बघा. वर घासतंय आणि खाली मोकळं आहे? वरच्या ब्रॅकेटचा स्क्रू सैल करा, पिव्हट चौकटीपासून किंचित दूर सरकवा, पुन्हा आवळा. दार तळाला घासत असेल, तर खालच्या पिव्हटचा बोल्ट पान्यानं फिरवून उंची वाढवा. बिजागरीचा स्क्रू नुसताच फिरतोय? भोकात फेव्हिकॉल लावलेली लाकडी काडी ठोका, सुकू द्या, मग आवळा. ट्रॅकला तेल नको, धूळ धरतं, मेणबत्ती घासा. खाऱ्या वाऱ्यात साधे लोखंडी स्क्रू गंजतातच, तिथे स्टेनलेस ३१६ परवडतो. मॉलिब्डेनममुळे तो ३०४ पेक्षा मिठापुढे जास्त टिकतो. एवढं करूनही डिसेंबरात दार अडलं, तर खुशाल तासा, पण उघड्या कडेला लगेच पॉलिश द्या.