वीकेंड इंग्लिश कॅम्प: फी ठरवण्याआधी मिनिटं मोजा!

परदेशातल्या इंग्लिश कॅम्पवरचा आपला व्हिडिओ बघून बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "सर, असा कॅम्प काढला तर पैसे सुटतात का?" सुटतात. पण आधी आपण नक्की काय विकतोय, ते समजून घ्या.

दोन देश, दोन मॉडेल

दक्षिण कोरियात ग्योंगी प्रांताच्या सरकारने 2004 मध्ये आन्सानला आणि 2006 मध्ये पाजूला "इंग्लिश व्हिलेज" उभारली. पाजूला तर अख्खं नकली गाव! रस्ते, बँक, पोस्ट ऑफिस, सगळीकडे इंग्रजीच बोलायचं. कल्पना भारी होती. पण अशा मोठ्या इमारती आणि परदेशी शिक्षकांचे पगार हा खर्च मुलं आली काय, न आली काय, चालूच राहतो. पुढे तिथली बरीच इंग्लिश व्हिलेज तोट्यात गेली.

आता स्पेन बघा. 2001 मध्ये सोरिया प्रांतातल्या वाल्देलाविया या गावात "पुएब्लो इंग्लेस" सुरू झालं. हे गाव ओस पडलेलं होतं, त्याची डागडुजी करून तिथे राहण्याची सोय केलेली होती. इंग्रजी बोलणारे पाहुणे यायचे, त्यांना राहणं-जेवण फुकट. बदल्यात दिवसभर स्पॅनिश लोकांशी गप्पा मारायच्या. फी भरायची फक्त स्पॅनिश लोकांनी. तिथला कार्यक्रम आठवडाभराचा असायचा, पण सूत्र दोन दिवसांनाही लागू पडतं.

विकायचं काय? बोलण्याची मिनिटं

30 मुलांच्या वर्गात तासातला अर्धा वेळ शिक्षकच बोलतात. उरलेल्या 30 मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला येतं एक मिनिट. याउलट दोघांची जोडी 50 मिनिटं बोलली, तर प्रत्येकाला 25 मिनिटं मिळतात. शनिवारी अशी 5 सत्रं, रविवारी 3. झाली 200 मिनिटं! वर्गात तेवढं बोलायला 200 तास लागले असते. पालकांना "मजा येईल" एवढंच सांगू नका, हा हिशोब सांगा.

फुकटचा माणूसही ताटावर बसतो

इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. आपण रुपयांत उदाहरण घेऊ, आकडे फक्त समजण्यासाठी. जागा, गाडी, जाहिरात मिळून ठरलेला खर्च 40,000. एका माणसाचं राहणं-जेवण 2,200. फी 6,000. वरवर बघितलं तर माणशी 3,800 उरतात, म्हणजे 11 विद्यार्थ्यांत खर्च निघाला.

पण थांबा! प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक पाहुणा आहे, त्याचेही 2,200 तुम्हीच भरताय. मग उरतात 1,600 आणि खर्च निघायला लागतात 25 विद्यार्थी. 12 जण घेऊन निघालात तर खिशातले 20,800 जातील.

मार्ग दोन आहेत. फी 8,000 करा, मग 12 विद्यार्थ्यांत भागतं. किंवा दोन विद्यार्थ्यांमागे एक पाहुणा ठेवा, मग 6,000 फीमध्ये 16 जणांत भागतं. पण लक्षात ठेवा, तिघांत 50 मिनिटं वाटली की बोलायला मिळतात साधारण 130 मिनिटं. मग जाहिरातीतही 130च लिहा.

पैसे घेण्याआधी

परदेशी पाहुणा येणार असेल, तर त्याच्या व्हिसावर असं काम चालतं का, हे जाणकाराकडून पक्कं करा. "तो पगार थोडीच घेतोय" हे कारण प्रत्येक देशात चालेलच असं नाही. विद्यार्थी अल्पवयीन असतील तर पालकांची लेखी संमती, राहण्याची वेगळी सोय आणि प्रत्येक पाहुण्याची पडताळणी हवीच. जोडीने बोलायचं ते सगळ्यांच्या नजरेसमोर, बंद खोलीत नाही. यात एक चूक झाली तर धंदा तर जाईलच, पण त्याहून मोठं नुकसान त्या मुलाचं होईल.

आजच वही घ्या आणि तीन आकडे लिहा: ठरलेला खर्च, माणशी खर्च (पाहुण्यासकट!), आणि बोलण्याची मिनिटं. हे जुळले की मगच जागेचा ॲडव्हान्स द्या. भेटू पुढच्या व्हिडिओत!