मॉडेलातला मान्सून

हवामान-मॉडेलांचा आढावा म्हटला की रिचर्डसन, चार्नी, मनाबे या शास्त्रज्ञांची नामावळी ओघाने येतेच. मी भराभर पुढे जातो. १९६७ साली मनाबे आणि वेदराल्ड यांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पृथ्वी किती तापेल याचं गणित मांडलं. १९७९च्या चार्नी अहवालाने त्या वाढीला दीड ते साडेचार अंशांची कक्षा दिली, ती चाळीस वर्षं जवळपास तशीच टिकली. तापमानाची गोष्ट एवढ्यावर आटोपली तरी माझी हरकत नाही.

आपला प्रश्न पावसाचा. मॉडेलांविषयी लिहिलं की कुणीतरी विद्वान 'मान्सून मॉडेलांना पेलत नाही' असं ऐकवतात आणि पुरावा म्हणून २००२ साल काढतात. मान्सूनचा अंदाज बांधणारं, शास्त्रज्ञ वसंत गोवारीकरांचं सोळा घटकांचं मॉडेल १९८८पासून चालू होतं. २००२ला अंदाज सरासरीच्या १०१ टक्क्यांचा होता, पडला ८१ टक्के. पण ते मॉडेल सांख्यिकी होतं, मागच्या वर्षांचे संबंध पुढे ओढणारं. त्याच्या अपयशाचं बिल भौतिकशास्त्राची समीकरणं सोडवणाऱ्या मॉडेलांच्या नावावर का फाडायचं?

खरं काम पुण्यात, पाषाणला झालं. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत (आयआयटीएम) आर. कृष्णन, पी. स्वप्ना आणि सहकाऱ्यांनी उभारलेलं पृथ्वी-प्रणाली मॉडेल संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-बदल समितीच्या (आयपीसीसी) सहाव्या अहवालामागच्या जागतिक तुलनेत उतरलेलं पहिलं भारतीय मॉडेल. आयआयटीएमच्याच पुढाकाराने झालेल्या, भारतातल्या हवामान-बदलावरच्या २०२०च्या अहवालात माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट आहे, आणि तिच्याविषयीच कुणी बोलत नाही. १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला, गंगेच्या मैदानात आणि आपल्या सह्याद्रीत ठळकपणे. हवा तापली की बाष्प वाढतं, मग पाऊस घटला कसा? मॉडेलात धूर आणि धूलिकण एकदा ठेवून, एकदा काढून हवामान चालवून पाहता येतं. खऱ्या पृथ्वीवर हा प्रयोग कोण करणार? उत्तर असं निघालं की उत्तर गोलार्धातल्या धुराने ऊन अडवलं आणि मान्सूनचा जोर दाबला. धूर ओसरला की दबलेला पाऊस वर येईल, अतिवृष्टीसकट. तेव्हा हवा स्वच्छ करण्याच्या फाइलीतच धरणांचे सांडवे आणि शहरांतली गटारं यायला हवीत. माझ्या पाहण्यात तरी ती वेगवेगळ्या टेबलांवरच पडून असतात.

मॉडेलं अशा कामाला लावण्याऐवजी आज काय होतं? सल्लागार मंडळी गुळगुळीत कागदावर '२०५० साली तालुक्यात इतका पाऊस' असं दशांशासकट छापून देतात. मूळ जागतिक मॉडेलाची चौकट शंभर-दोनशे किलोमीटरची. तिच्यात महाबळेश्वर आणि वाई एकच. चौकट बारीक करता येते, पण मूळ मॉडेलाची चूक तिच्याबरोबरच खाली उतरते. शतकाअखेरच्या ४.४ अंश तापमानवाढीचा आकडा जो तो उचलतो. 'उत्सर्जन बेसुमार वाढत राहिलं तर' ही अट मात्र वाटेत गळते.

तुमच्या जिल्ह्याचा हवामान आराखडा हाती आला तर दोनच गोष्टी विचारा: उत्सर्जन किती धरलंय आणि किती मॉडेलांचं एकमत आहे? उत्तर नसेल, तर आराखडा सरळ परत पाठवा.