कळंबहून भिगवणची एका दिवसाची सहल

उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले आणि भीमेचे पाणी इंदापूर तालुक्यात पसरले. त्याच फुगवट्यावर, भिगवणजवळच्या कुंभारगाव आणि डिकसळ येथे हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. कळंबकरांनी डिसेंबर ते मार्चमध्ये पहाटेच निघावे. ऊन चढले की पाणी चकाकते आणि पक्षी नीट दिसत नाहीत. स्थानिक मच्छीमार होडीतून फिरवतात. रोहित चोच उलटी धरून चिखल गाळतो, ते मुलांना दुर्बिणीतून दाखवावेच. भडक कपडे, आरडाओरडा टाळावा. दुपारी चिलापी फ्राय आणि भाकरी. याच फुगवट्यात बुडालेले पळसदेवचे मंदिर मात्र उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावरच उघडे पडते. त्यासाठी वेगळी फेरी ठेवावी.