मणक्यातला पाण्याचा फुगा

दहा मिनिटं चाललं की पाय भरून येतो, बाकावर टेकलं की बरं वाटतं. सायकलवर मात्र कितीही फेऱ्या मारा, तक्रार नाही. अशा कंबरदुखीत कधी कधी एमआरआयच्या अहवालात ‘फॅसेट सिस्ट’ हे शब्द येतात आणि ‘गाठ’ म्हटल्यावर घरात कॅन्सरची पाल चुकचुकते. पण ही गाठ कॅन्सरची नाही. ती झिजलेल्या सांध्यातून फुगून आलेली पिशवी आहे.

दोन मणके पुढे गादीवर टेकलेले असतात आणि मागे डाव्या-उजव्या छोट्या सांध्यांनी जोडलेले. हेच फॅसेट सांधे. गुडघ्यासारखंच त्यांच्यातही वंगणाचं पाणी असतं. वयानुसार सांधा झिजतो, पाणी वाढतं आणि आवरणाच्या कमकुवत जागेतून फुगा येतो. तो पाठीच्या स्नायूंकडे वळला तर सहसा पत्ताही लागत नाही, कण्याच्या पोकळीत शिरला की मात्र नस दाबतो. कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये हे सर्वाधिक घडतं, कारण तिथे हालचाल जास्त. पुढे वाकलं की पोकळी थोडी रुंदावते. सायकलचं कोडं इथे सुटतं.

आधी गोळ्या आणि व्यायाम. काही गाठी आपोआप आक्रसतातही. नाहीच भागलं, तर सुई.

रुग्णाला पालथं झोपवून जागा बधिर करतात. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनच्या पडद्यावर बघत सुई थेट गाठीत नव्हे, सांध्यात नेतात. पाणी ज्या वाटेनं गाठीत गेलं, त्याच वाटेनं औषध जातं. आधी थोडा रंगद्रव, मग स्टिरॉइड. सिरिंजचा दट्ट्या जड लागतो, पायात ओळखीची कळ येते आणि एकदम दट्ट्या हलका होतो. फुगा फुटला! मात्र सांधा तोच राहतो, त्यामुळे काहींना गाठ पुन्हा होते.

मग शस्त्रक्रिया. साधारण दोन सेंटिमीटरच्या छेदातून एकाहून एक जाड नळ्या सरकवून स्नायू न कापता बाजूला सारतात. शेवटच्या नळीतून सूक्ष्मदर्शकाखाली थोडं हाड तासून गाठ सोडवतात. खरी कसोटी तिथेच, कारण गाठ अनेकदा नसांवरच्या पातळ आवरणाला चिकटलेली असते. ते फाटलं तर आतलं पाणी झिरपतं. म्हणून फार चिकटलेला पापुद्रा कधी तसाच ठेवतात.

लघवी अडकली, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर मात्र वाट बघू नये. लगेच रुग्णालय गाठावं.

एक प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा: उभं राहून, पुढे-मागे वाकून एक्स-रे काढायचा का? एमआरआय सहसा झोपून होतो, आणि मणका सरकत असेल तर ते कधी कधी उभ्यानेच दिसतं. तसं असेल, तर गाठ काढून भागेलच असं नाही. स्क्रू घालून मणके जोडावे लागू शकतात. कारण दुखणं गाठीचं असलं, तरी गाठ त्या सांध्याचीच असते.