बाजाराचा माहितीफलक कसा वाचावा?

पुण्याच्या मंडईची दगडी वास्तू १८८६ मध्ये उभी राहिली, तेव्हा तिला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव देण्यात आले होते. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाते. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीरावांनी या बांधकामावरील खर्चास विरोध करून तो पैसा लोकशिक्षणाकडे वळवावा, अशी भूमिका घेतली होती. बाजाराला इमारत हवी, तसेच बाजाराचा व्यवहार समजण्याचे ज्ञानही हवे, असा बोध त्यातून घेता येईल.

पुढे घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला व मंडईत किरकोळ विक्री राहिली. यार्डातील क्विंटलचा दर आणि मंडईतील किलोचा दर यांमधील अंतराविषयी शेतकरी व ग्राहक दोघेही प्रश्न विचारतात. त्याचे उत्तर तर्काने नव्हे, तर नोंदींच्या आधारे शोधावयास हवे.

नोंदींचे स्वरूप

बाजार समितीत आलेल्या प्रत्येक शेतमालाची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर यांची दररोज नोंद होते. बहुतांश माल ज्या दराने विकला गेला, तो सर्वसाधारण दर होय. देशभरातील बाजारांची अशी माहिती केंद्र शासनाच्या ‘अ‍ॅगमार्कनेट’ या संगणकीय योजनेद्वारे २००० सालापासून संकलित केली जाते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘ई-नाम’ योजनेत तर प्रवेशनोंद, मालाची तपासणी, बोली, वजन आणि रकमेचा भरणा या सर्व टप्प्यांची नोंद होते.

अशा हजारो नोंदींचे कोष्टक नुसते वाचून काही हाती लागत नाही. म्हणून त्या आलेखांच्या रूपाने एकाच पडद्यावर मांडण्यात येतात. यालाच डॅशबोर्ड किंवा माहितीफलक म्हणतात. त्यास जोडलेल्या फिल्टरचे, म्हणजे चाळणीचे, काम साधे असते. बाजार, शेतमाल व कालावधी निवडला की तेवढ्याच नोंदी उरतात आणि आलेख त्यानुसार बदलतो.

सरासरीची फसगत

चाळणीची आवश्यकता एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका दिवशी १०० क्विंटल टोमॅटो २,००० रुपये दराने विकला गेला व दुसऱ्या दिवशी ४०० क्विंटल १,००० रुपये दराने. दोन दरांची साधी सरासरी १,५०० रुपये येते. परंतु एकूण ५०० क्विंटलचे ६ लाख रुपये झाले. म्हणजे शेतकऱ्यांना क्विंटलमागे प्रत्यक्षात १,२०० रुपयेच मिळाले. आवकेचा आलेख दरांच्या आलेखाखाली ठेवून पाहिल्यास हा फरक तत्काळ ध्यानात येतो.

रकमेच्या भरण्याचेही असेच आहे. समजा, ४० शेतकऱ्यांपैकी ३२ जणांना त्याच दिवशी पैसे मिळाले व ८ जणांना १० दिवसांनी. फलकावर सरासरी विलंब २ दिवस दिसेल. वास्तविक २ दिवस कोणीच थांबले नाही. विलंबाची चाळणी लावली तरच ते ८ जण दिसतात. ते एकाच गावचे आहेत काय, त्यांचा माल एकाच अडत्याकडे गेला होता काय, हे मग तपासता येते. ज्याला पुढच्या पिकाचे बियाणे घ्यावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने हा शोध महत्त्वाचा आहे.

घ्यावयाची दक्षता

आलेखाची उभी मोजपट्टी शून्यापासून सुरू होते की नाही, हे प्रथम पाहावे. अन्यथा किरकोळ चढउतारही मोठा भासतो. तुलना एकाच प्रतीच्या मालाची असावी. नोंद नसलेला दिवस म्हणजे आवक शून्य, असे समजू नये. त्या दिवशी बाजार बंद असेल किंवा नोंद राहून गेली असेल. यार्डातील दर व मंडईतील दर यांची तुलना करताना वाहतूक, हमाली, नासधूस व विक्रेत्याचा नफा यांचाही हिशेब धरावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, फलक काय घडले ते दाखवितो. का घडले हे बाजारात जाऊनच विचारावे लागते.

पंचायत सदस्यांनी आपल्या गावच्या मुख्य पिकाचे मागील ३ वर्षांचे दर महिनावार काढून ग्रामसभेत मांडावेत. शिक्षकांनी हेच आकडे विद्यार्थ्यांकडून आलेखाच्या कागदावर उतरवून घ्यावेत. अधिकाऱ्यांनी अहवालातील सरासरीखाली तिच्यापासून दूर राहिलेल्यांची संख्या द्यावी. असे झाले तर नोंदवहीतील आकडा ज्याच्या घामातून आला, त्याच्या उपयोगी पडेल.