घोणशीच्या कुळातून आलेली बीपीची गोळी

समुद्रपूरच्या कपाशी-सोयाबीनच्या शेतांत घोणस आढळते. ब्राझीलचा जराराका हा साप तिच्याच कुळातला. त्याचं विष कुत्र्याच्या रक्तद्रवातल्या प्रथिनांत मिसळल्यावर १९४९ मध्ये रोशा ए सिल्वा आणि सहकाऱ्यांना ब्रॅडिकायनिन सापडलं. ९ अमिनो आम्लांचं हे पेप्टाइड रक्तवाहिन्या सैल करतं. प्राण्याला टोचलं की रक्तदाब झर्रकन उतरतो, पण लगेच पूर्ववतही होतो, कारण फुफ्फुसांतून जाताना एसीई हे विकर त्याचे तुकडे पाडतं. तेव्हा पेप्टाइड देत बसण्यापेक्षा शरीरातलंच टिकवणं शहाणपणाचं. सेर्जिओ फेरेरा यांनी १९६५ मध्ये त्याच विषातला, ते टिकवणारा घटक दाखवला. पुढे त्याच वाटेनं कॅप्टोप्रिल आणि एनालाप्रिल या एसीईला रोखणाऱ्या बीपीच्या गोळ्या आल्या.

यावर आक्षेप रास्त आहे: एसीई रक्तवाहिन्या आवळणारं अँजिओटेन्सिन-२ही घडवतं, मग ते घटल्यानंच दाब उतरला असेल, ब्रॅडिकायनिनला श्रेय कशाला? पूर्ण श्रेय नाहीच. पण आयकॅटिबंट या औषधानं ब्रॅडिकायनिनचा ग्राही अडवला, तर मूत्रपिंडाची धमनी आवळून दाब वाढवलेल्या उंदरांत एसीई रोखणाऱ्या औषधांचा परिणाम कमी होतो, माणसांतही होतो. नाहीसा मात्र होत नाही. या गोळ्यांनी काहींना लागणारा कोरडा खोकलाही बहुधा ब्रॅडिकायनिनचाच.